साडी आमची, आई त्यांची?

गेल्या हिवाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने बऱ्हाणपूरला जाणं झालं. बायकोच्या माहेरची एक शाखा तिथे तीन पिढ्यांपासून आहे. घरात मराठी बोलतात, दारात हिंदी आणि बाजारात दोन्हींची खिचडी. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मेहुण्यांनी दिवाणखान्यात पंधरा-वीस माणसं जमवली. "गोव्याचे लेखक आलेत, काहीतरी बोला," असा आग्रह झाला. लेखकाला एवढं पुरतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

माझ्या डायरीत आंजेलो द फोन्सेकाच्या एका चित्राची छापील प्रत असते. साडी नेसलेली, सावळी, अनवाणी मरिया, आणि तिच्याकडे बाळ. मी ती प्रत सगळ्यांत फिरवली आणि अर्धा तास त्या चित्रकाराबद्दल बोललो. जन्म १९०२ चा, आमच्या तिसवाडीतल्या सांत इस्तेव बेटावरचा. आधी मुंबईत डॉक्टरीच्या शिक्षणाला लागला, ते सोडून चित्रकलेकडे वळला, मग शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकला. माणसं मन लावून ऐकत होती. बोलणं संपलं आणि कोपऱ्यातले एक निवृत्त गृहस्थ, सगळे ज्यांना काका म्हणत होते ते, चष्मा पुसत म्हणाले, "चित्र छान आहे हो. पण साडी आमची, सावळा रंग आमचा, अनवाणी पाय आमचे, आणि आई तेवढी त्यांची? हे बरं आहे!"

सगळे हसले. मीही हसलो.

हा लेख त्या हसण्याबद्दल आहे. काकांबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांनी मनातलं बोलून दाखवलं. तक्रार आहे ती माझ्यासारख्यांबद्दल, ज्यांच्या मनात हेच असतं पण जे व्यासपीठावरून 'सर्वधर्मसमभाव' म्हणत शाल पांघरून घेतात.

दुसऱ्या दिवशी मुहूर्त दुपारचा होता, म्हणून सकाळीच गांधी चौकातली जामा मशीद पाहायला गेलो. बऱ्हाणपूर म्हटलं की लोकांना मुमताजमहल आठवते. १६३१ साली ती इथेच वारली, आणि तापीपलीकडे झैनाबादला तिला आधी पुरलं होतं. रिक्षावाला तिकडेच न्यायला बघत होता. पण मला मशीद पाहायची होती. फारुकी घराण्याच्या आदिलशहाने, म्हणजे राजा अली खानाने, ती बांधली. समोर पंधरा कमानी, दोन्ही टोकांना उंच मिनार आणि बाहेर भाजीवाल्यांचा गलका.

आत भिंतीवर अरबी लेख आहे, आणि त्याच मशिदीत एक संस्कृत लेखही आहे. नीट वाचा, मशिदीत, नागरी लिपीत, संस्कृत. त्यात विक्रम संवत १६४६ आणि शके १५११ अशी सालं दिली आहेत, म्हणजे इसवी सनाच्या हिशेबाने १५९० चा जानेवारी. सुरुवात आहे ती सृष्टी निर्माण करणाऱ्याला नमस्कार करून. मग ईश्वराचं वर्णन येतं: अव्यक्त, व्यापक, नित्य, गुणातीत. त्यानंतर फारुकी राजांची वंशावळ. वेदान्ताची पाठशाळा चालवणाऱ्या शास्त्रीबुवांना हे शब्द परके वाटणार नाहीत, आणि नमाजाला उभ्या राहणाऱ्यालाही त्यांत आक्षेप घेण्यासारखं काही सापडणार नाही. कोण्या पंडिताने श्लोक रचले असतील, कोण्या पाथरवटाने छिन्नी चालवली असेल. 'गुणातीत हा शब्द आमचा, अल्ला तेवढा तुमचा?' असं त्यांना कुणी विचारलं असेल का?

तुम्ही म्हणाल, राजाला हिंदू रयत सांभाळायची होती, ते राजकारण होतं. असेल. राजे लोक उगाच दगड कोरून घेत नाहीत. पण राजकारण करायचं तर फर्मानं पुरतात. मशिदीच्या आत, जिथे बहुसंख्य रयत वाचायला जाणारही नाही, तिथे संस्कृत कोरणाऱ्याने एक गोष्ट तरी गृहीत धरली होती. ती अशी, की देवाबद्दल बोलायला संस्कृत चालते, मग तो देव कोणत्याही नावाचा असो. भाषा कुणाच्या देवघरातली समई नव्हे, शेजाऱ्याने हात लावला की विटाळायला.

बऱ्हाणपूरचं गोव्याशीही एक जुनं नातं आहे आणि ते माझ्या विषयाला अगदी चिकटलेलं आहे. इथून वीसेक किलोमीटरवर असीरगड. १६०१ च्या जानेवारीत तो अकबराच्या हाती पडला तेव्हा बादशहाच्या छावणीत गोव्याहून आलेले दोन जेझुईट होते. एक जेरोम झेवियर, आमच्या गोंयच्या सायबाच्या, म्हणजे फ्रान्सिस झेवियरच्या घराण्यातलाच; दुसरा बेंतो द गोइश. त्याच वर्षी बादशहाचा वकील गोव्याला निघाला तेव्हा गोइश त्याच्यासोबत होता. जेरोम मागे राहिला, फारसी शिकला आणि दरबारातल्या अब्दुस्सत्तार या विद्वानाच्या मदतीने त्याने १६०२ साली ख्रिस्ताचं चरित्र फारसीत पुरं केलं. 'मिरातुल् कुद्स' त्याचं नाव. मुघल चित्रशाळेने ते रंगवलं, आणि त्यातली एक सचित्र प्रत आज अमेरिकेत क्लीव्हलंडच्या संग्रहालयात आहे. हिंदू आणि मुसलमान चितारे ख्रिस्ताच्या जन्माची, त्याच्या दुःखाची चित्रं काढत बसले होते. त्यांच्यातलं कुणी ख्रिस्ती झालं नाही, आणि चित्रंही वाईट झाली नाहीत.

आता फोन्सेकाकडे येतो. शांतिनिकेतनातून तो तिशीच्या उंबरठ्यावर गोव्यात परतला. बंगाली शैलीतल्या पातळ जलरंगांचा हात घेऊन आला होता, पण विषय स्वतःचा होता. लहानपणी इगर्जीत ज्या मरियेपुढे त्याने गुडघे टेकले ती गोरी, निळ्या झग्यातली, लिस्बनहून बोटीने आलेली होती. त्याला प्रश्न पडला तो साधा. माझी आई तर अशी दिसत नाही. मग देवाची आई अशी का दिसावी? हा प्रश्न चित्रकाराचा आहे की भाविकाचा? मला वाटतं, तो दोघांचाही एकदमच आहे. म्हणून तर फोन्सेकाची श्रद्धा बाजूला काढून त्याची शैली समजत नाही, आणि शैली बाजूला काढून त्याची श्रद्धा.

गोव्यातल्या प्रतिष्ठितांना हे रुचलं नाही. तो सालाझारचा काळ. उच्चभ्रू ख्रिस्ती घरांतून मुलांना पोर्तुगीज शिकवायचं, 'आम्ही वेगळे' हे जपायचं, आणि हा सुशिक्षित, चांगल्या घरातला मुलगा मरियेला साडी नेसवून कष्टकरी बाईसारखी अनवाणी उभी करतो! टीकेची झोड उठली. फोन्सेका गोवा सोडून पुण्याला गेला आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला. गंमत बघा, तो कॅथलिक आणि आश्रम अँग्लिकन पंथाचा. म्हणजे आपल्यांनी घालवलं आणि आसरा दिला तो शेजारच्या पंथाने. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर हेरास त्याच्या पाठीशी उभे राहिले, हेही सांगायला हवं, नाहीतर सगळे पाद्री एका माळेचे मणी असल्यासारखं होईल.

पुढची तीसेक वर्षं तो चित्रं काढत राहिला. १९५१ साली लग्न झालं. नंतरच्या मरियेत त्याच्या पत्नीचा चेहरा उतरला, असं त्याचे अभ्यासक सांगतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. सुरुवातीला 'भारतीय मरिया' ही एक भूमिका होती, वादात उतरलेल्या माणसाने घेतलेली. उत्तरार्धात ती भूमिका राहिली नाही. घरात वावरणाऱ्या, थकणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या एका बाईचा चेहरा त्याला देवाच्या आईसाठी पुरेसा वाटला. चित्रकाराचा हात बदलला तो त्याची श्रद्धा बदलली म्हणून. ती कमी झाली नव्हती, घरगुती झाली होती. डिसेंबर १९६७ मध्ये तो पुण्यातच वारला. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ साली संपली होती. लोकांच्या भाषेत उपासना करायला, त्यांच्या रूढींतून श्रद्धा मांडायला रोमने मोकळीक दिली होती. ज्या गोष्टीसाठी याला गाव सोडावं लागलं ती आता अधिकृत झाली होती, आणि याच्या हाती दोन वर्षं उरली होती. पुढे त्याच्या पत्नीने चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चकडे सोपवला. पणजीहून मांडवी ओलांडली की पर्वरी. आमच्यापैकी कितीजण तिथे गेलो? कॅसिनोच्या बोटी मोजायला मात्र आम्ही पुलावर गाडी हळू करतो.

काकांच्या मुद्द्याचा गाभा असा, की साडी हा डावपेच आहे. ओळखीचं वस्त्र नेसवून परका देव घरात आणायचा. हा संशय हवेतून आलेला नाही, आणि तो उडवून लावणारे गोव्याचा इतिहास वाचत नाहीत. १५६७ साली साष्टीतली देवळं पाडली गेली. १५६० साली बसलेलं इन्क्विझिशन १८१२ पर्यंत पुरतं उठलं नाही. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने इथली भाषा बोलण्यावरच बंदीचं फर्मान काढलं. आमच्या घराण्याचं दैवतही नदी ओलांडून अंत्रुजात गेलं. ते का गेलं, हे मला आजीने झोपताना सांगितलेलं आहे. आणि वेष बदलून धर्म सांगणारेही होऊन गेले. मदुरैचा रोबेर्तो द नोबिली संन्याशाची वस्त्रं घालून ब्राह्मणांत बसला, ते काय साडीची हौस म्हणून नव्हे. तेव्हा डावपेच होते, हे मान्य.

पण डावपेच ओळखायचा कसा? त्याला गिऱ्हाईक असतं आणि त्यातून नफा होतो. फोन्सेकाची मरिया बघून कोण हिंदू ख्रिस्ती झाला? ती चित्रं हिंदूंच्या दारात गेलीच नाहीत. तो ती दाखवत होता आपल्याच लोकांना, आणि आपल्याच लोकांनी त्याला हद्दीबाहेर काढलं. प्रचारकाला त्याची संस्था पोसते, याला तर घर सोडावं लागलं. हा कसला डावपेच, ज्यात डाव टाकणाराच चीत होतो?

आम्हा मराठीवाल्यांचा वेगळा हिशेब मांडायचाय, कारण काकांपेक्षा तो जास्त सोवळा आणि जास्त लबाड आहे.

गोव्याहून बऱ्हाणपूरकडे जाताना आमची गाडी पुण्यावरून, मग दौंडवरून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेली. पुढे राहुरी, मनमाड, जळगाव, भुसावळ. भुसावळला उतरून आम्ही पुढची गाडी धरली. खिडकीतून स्टेशनांची नावं वाचताना लक्षात आलं, की हा तर रेव्हरंड टिळकांचा रस्ता. नारायण वामन टिळक, जन्म १८६१ चा, बाप्तिस्मा १८९५ चा. नगर आणि राहुरी ही त्यांची कर्मभूमी. जळगावला १९०७ साली जे कविसंमेलन भरलं त्यामागे मुख्य खटपट त्यांची. त्याच संमेलनात ठोंबरे नावाचा पोरगेला मुलगा 'बालकवी' झाला, आणि पुढे टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला.

या माणसाला आम्ही काय केलं? 'फुलामुलांचे कवी' केलं. पाठ्यपुस्तकात फुलं घेतली, मुलं घेतली, शिकाऱ्याने मारलेली पक्षीण घेतली. ख्रिस्ताला मात्र दाराबाहेर बसवलं. त्यांनी ख्रिस्तासाठी अभंग लिहिले, भजनं लिहिली. मराठी चर्चमध्ये परदेशी चालींवर बेतलेली गाणी जीव ओढून म्हणत बसण्यापेक्षा आमच्या वारकऱ्यांच्या छंदात देवाला हाक मारू द्या, असा त्यांचा आग्रह होता. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती उपासनेत ती भजनं आजही गायली जातात. तुकोबांचं बोट धरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं मानणारा हा कवी. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात हे प्रकरण किती मोठं असायला हवं होतं! आणि आम्ही त्याला एका परिच्छेदात, 'त्यांनी धार्मिक रचनाही केली' एवढ्यावर गुंडाळतो.

टिळकही बदलत गेले. सुरुवातीची मिशनची नोकरी, मग 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचं संपादन, आणि शेवटी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार'. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. मिशनच्या साच्यात त्यांचा ख्रिस्त मावेना. पगार सोडून देणाऱ्याला पगारी प्रचारक म्हणणाऱ्यांनी हे साल जरा लक्षात ठेवावं. दोन वर्षांत ते गेले. 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं, त्याचा मोठा भाग मग लक्ष्मीबाईंनी लिहिला.

लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' तर आम्हा सर्वांचं लाडकं. टिळकांचा विसराळूपणा, बाईंचं सोवळं, त्यावरून उडालेल्या तारांबळी, यांवर आम्ही पोट धरून हसतो. पण नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी, १९०० साली, ज्या बाईने स्वतः बाप्तिस्मा घेतला, तिच्या मनात त्या पाच वर्षांत काय उलथापालथ झाली, हे त्याच पुस्तकात लिहिलेलं आहे. ती पानं आम्ही भराभर उलटतो. विनोदी लेखिका म्हणून ती आमची, आणि ख्रिस्ती म्हणून त्यांची. काकांच्याच वाक्याची ही साहित्यिक आवृत्ती नाही तर काय?

आणखी एक धागा इथेच सांगून टाकतो. ज्या आश्रमात फोन्सेकाला आसरा मिळाला तो स्थापणारा जॅक विन्स्लो नावाचा इंग्रज पाद्री. टिळकांचं इंग्रजीतलं चरित्र १९२३ साली लिहिलं ते त्यानेच. अभंगातला ख्रिस्त ज्याला कळला होता, त्याच्याच घरात साडीतल्या मरियेला जागा मिळाली. यात योगायोग फारसा नाही.

आमच्या गोव्यातल्या मराठी संमेलनांत तर आणखी मजा असते. फादर स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'चं नाव घेतल्याशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही. कोकणी-मराठी वाद तापला की त्यातली मराठीची स्तुती म्हणून दाखवायची, तिला फुलांची आणि सुगंधाची उपमा देणाऱ्या त्या चार-सहा ओव्या. इंग्लंडहून आलेल्या पाद्र्यानेसुद्धा आमच्या भाषेची थोरवी गायली, टाळ्या! आणि उरलेल्या? १६१६ साली रायतूरला छापल्या गेलेल्या त्या ग्रंथात अकरा हजारांच्या आसपास ओव्या आहेत. त्यात ख्रिस्ताचा जन्म आहे, त्याचं मरण आहे, स्वर्गाला वैकुंठ म्हणणारी भाषा आहे. ज्या गोष्टीसाठी स्टीफन्सने मराठी शिकली ती गोष्ट आम्हाला नको, त्याने दिलेलं प्रशस्तिपत्रक तेवढं हवं. पाहुण्याने आणलेला पेढ्यांचा पुडा ठेवून घ्यायचा आणि पाहुण्याला ओसरीवरून परत पाठवायचं, तसं.

(स्टीफन्सवरचा साष्टीतल्या जुलुमाचा मुद्दा मला माहीत आहे. कुंकळ्ळीला १५८३ साली जे घडलं, त्यात त्याचाच सहकारी रोदोल्फ आक्वाविवा मारला गेला, जो नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता. आणि मग कुंकळ्ळीच्या गांवकारांना बोलणीसाठी बोलावून कापून काढलं, तेही मला माहीत आहे. 'क्रिस्तपुराण' या रक्ताच्या वासात लिहिलं गेलं. म्हणूनच ते पुरतं वाचायला हवं. चार-सहा ओव्या वाचणाऱ्याला ना त्याचं सौंदर्य कळतं, ना त्याचा गुन्हा.)

उलट बाजूलाही बघा. आमच्या साळगावच्या फ्रान्सिस न्यूटन सोझाला चित्रांच्या बाजाराने डोक्यावर घेतलं. त्यानेही आयुष्यभर ख्रिस्त काढला. १९५९ चं त्याचं 'क्रुसिफिक्शन' लंडनच्या टेटमध्ये आहे. काटेरी, काळवंडलेला, दात विचकलेला ख्रिस्त. सोझा मोठा चित्रकार, त्याबद्दल वाद नाही. पण समीक्षकांना तो सोपा जातो, कारण तो चर्चवर चिडलेला आहे. चिडलेला ख्रिस्ती कलावंत आधुनिक ठरतो आणि प्रार्थना करणारा ख्रिस्ती कलावंत कॅलेंडरवाला. फोन्सेका गुडघे टेकून चित्र काढतो, म्हणून त्याला प्रदर्शनाच्या मागच्या दालनात जागा. श्रद्धा ही रागाइतकीच गुंतागुंतीची असू शकते, तिच्यातही शंका, भांडण, माघार, पुन्हा परतणं असतं, हे ज्ञानेश्वर-तुकारामांच्या भाषेत वाढलेल्या माणसाला कुणी समजावून सांगायची वेळ यावी? तुकोबाचा विठोबाशी झगडा आम्हाला काव्य वाटतो. टिळकांचा ख्रिस्ताशी झगडा मात्र धर्मांतर वाटतो.

आता माझ्या हसण्याची गोष्ट.

तिसेक वर्षांपूर्वी मी एका मराठी शाळेत काही वर्षं शिकवत होतो. काव्यवाचनाच्या स्पर्धेला मुलं पाठवायची होती. सातवीत एक ख्रिस्ती मुलगी होती. बाप पुण्यात नोकरी करून गावी परतलेला, त्यामुळे तिची मराठी आमच्या हिंदू पोरांपेक्षा चोख, आणि आवाज असा की वर्ग गप्प व्हावा. ती टिळकांची कविता म्हणणार म्हणाली. मी खूश. मग तिने वहीतून कागद काढून दाखवला. ख्रिस्तावरचा अभंग होता, तिच्या वडिलांनी सुवाच्य अक्षरात उतरवून दिलेला. मी तो वाचला. चांगलाच होता. आणि मी म्हणालो, "हा नको गं तिथे. परीक्षकांना कसं वाटेल? टिळकांची फुलांची म्हण ना एखादी."

तिने वाद घातला नाही. कागदाची घडी केली आणि वहीत ठेवली. फुलांची कविता तिने पाठ केली, म्हटली, बक्षीसही आणलं. पुढल्या वर्षी नाव द्यायला मात्र ती आली नाही. मी विचारलंही नाही. शाळा हिंदूंची होती, परीक्षक हिंदू, मी हिंदू, आणि कुणीही मला तसं कर म्हणून सांगितलेलं नव्हतं. हे मुद्दाम लिहितोय. बंदी कुणी घातलीच नव्हती. मी आपण होऊन, प्रेमाने, तिच्या भल्यासाठी म्हणून, तिच्या तोंडातला देव काढून घेतला आणि हातात फूल दिलं.

फोन्सेकाला घालवणाऱ्यांनी निदान उघड वैर केलं. माझी रीत जास्त सभ्य. छंद घे, भाषा घे, बक्षीस घे, पण ज्याच्यासाठी बोलायचं आहे त्याचं नाव तेवढं घेऊ नकोस. आणि मग व्यासपीठावरून आम्हीच विचारायचं, गोव्यातले ख्रिस्ती मराठीकडे का वळत नाहीत? त्याला राजकारण आहे, लिपी आहे, १९८७ चा राजभाषा कायदा आहे, सगळं आहे. पण एक घडी घातलेला कागदही आहे. त्या रात्री बऱ्हाणपूरला काका बोलले आणि मी हसलो, कारण ते वाक्य मी त्यांच्या कितीतरी आधी बोलून बसलो होतो.

लग्न लागल्यावर जेवणाच्या पंगतीत काका शेजारी आले. मी त्यांना मशिदीतल्या संस्कृत लेखाबद्दल सांगितलं. सत्तर वर्षं ते त्या गावात राहिलेले, पण तो लेख त्यांनी पाहिलेला नव्हता. "आमची संस्कृत तिथे?" म्हणाले. मग थोडा वेळ जिलबीकडे बघत राहिले. पटलं, असं मी म्हणणार नाही. ते एवढंच म्हणाले, की नातवाला घेऊन एकदा जाऊन येतो.

निघताना मेहुण्यांच्या आईने ती चित्राची प्रत पुन्हा मागितली. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी बराच वेळ जवळ धरून पाहिली आणि म्हणाल्या, "बाळाला धड काही घातलं नाही गं हिने, थंडीचे दिवस आणि." प्रत मी त्यांनाच दिली. दुसरी पर्वरीला मिळेल.

गोव्यात परतलो तर टपालात एक पत्र होतं. तीच काव्यवाचन स्पर्धा, अजून चालू आहे. यंदा मला परीक्षक म्हणून बोलावलंय आणि मुलांना निवड करता यावी म्हणून कवितांची एक यादी पाठवा म्हणतात. यादी पाठवली आहे. सुरुवातीला टिळकांचे दोन अभंग आहेत, दोन्ही ख्रिस्ताचे, आणि त्यांच्याखाली 'क्रिस्तपुराणा'तला एक उतारा, भाषेच्या स्तुतीचा सोडून. पत्र जाऊन तीन आठवडे झाले. संयोजकांचं उत्तर अजून आलेलं नाही.